माहिती फुटली, तर गिऱ्हाइकाला सांगायचं का?



गटाच्या मसाल्याच्या, पापडाच्या ऑर्डरी आता मोबाइलवर येतात. त्यात गिऱ्हाइकांची नावं, नंबर, पत्ते साठतात. समजा, आठवडी बाजारात हा मोबाइल हरवला. गिऱ्हाइकांना सांगायचं का?

बऱ्याच जणी म्हणतील, "सापडेलही. उगाच बोभाटा कशाला? गिऱ्हाईक तुटेल." भीती खरी आहे. पण उद्या कुणी त्याच यादीवरून फोन केला, "गटातून बोलतेय, फराळाचे पैसे आधी पाठवा," तर? गिऱ्हाईक आपल्या नावावर विश्वास ठेवून पैसे पाठवेल. आधी कळलं असतं, तर ती सावध झाली असती. माहिती आपल्याकडे असली तरी ती तिची आहे.

लपवून काय होतं? उबर या टॅक्सी कंपनीकडून 2016 मध्ये जगभरातले ग्राहक आणि चालक मिळून 5 कोटी 70 लाख लोकांची माहिती चोरीला गेली. कंपनीनं चोरांना 1 लाख डॉलर देऊन प्रकरण दाबलं. वर्षभरानं ते बाहेर आलंच. 2018 मध्ये अमेरिकेत 14 कोटी 80 लाख डॉलर भरून तडजोड करावी लागली.

आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो, की माहिती फुटली तर ज्यांची माहिती आहे त्यांना कळवायचं. न कळवल्यास 200 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कसं सांगाल?

1. त्याच दिवशी सांगा. खात्री नसेल, तर "शंका आहे" असंच म्हणा.
2. काय गेलं, कधी गेलं, ते स्पष्ट सांगा. "आमच्या नावानं कुणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका," हे सांगा.
3. सदस्यांच्या आधारच्या झेरॉक्स गेल्या असतील, तर घरी जाऊन सांगा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला मदत करा. लॉक असेपर्यंत अंगठा लावून कुणाला पैसे काढता येत नाहीत. तिलाही नाही, हे समजावा.
4. पैसे गेलेच, तर लगेच 1930 वर फोन करायला सांगा आणि बँकेला कळवा.

बैठकीत ठरवा:

कुणाकुणाची माहिती आपल्याकडे आहे? ती कुणाच्या मोबाइलमध्ये, कुठल्या कपाटात आहे? मोबाइलच हरवला, तर नंबर कुठून मिळतील? एक यादी वहीत लिहून कुलपात ठेवा. कळवायची जबाबदारी कुठल्या ताईची, ते इतिवृत्तात नोंदवा.