सिंह आपलें भक्ष्य कसें मारितो

सिंह मोठ्यानें गर्जना करितो, ती ऐकून जनावरें भयानें जागच्या जागीं खिळतात, आणि मग पंजाच्या एका तडाख्यानें तो त्यांतलें एक लोळवितो, अशी पुष्कळांची समजूत आहे. उपदेशांत सिंहाचा दृष्टान्त देणाऱ्या आमच्या बंधूंनीं ती सोडून द्यावी, असें आम्ही सुचवितों. भक्ष्याच्या मागावर असलेला सिंह मुळींच ओरडत नाहीं. गर्जना असते ती दूरच्या सोबत्यांस आपला ठाव कळविण्यासाठीं व परक्या सिंहांस ताकीद देण्यासाठीं.

पूर्व आफ्रिकेंतील टांझानिया देशांत सेरेंगेटी नांवाचें विस्तीर्ण गवताळ रान आहे. तेथें जॉर्ज शॅलर ह्या शास्त्रज्ञानें १९६६ सालापासून सुमारें तीन वर्षें सिंहांच्या मागें फिरून जें पाहिलें, तें १९७२ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें. त्या उघड्या रानांत शिकारीचें बहुतेक काम सिंहिणी करितात, व तेंही बहुधा रात्रीं. सिंहीण पोट जमिनीजवळ आणून गवतांतून दबत दबत पुढें सरकते. चरणाऱ्या जनावरानें मान वर केली कीं ती आहे तेथेंच निश्चल होते. मान खालीं गेली कीं पुन्हां दोन पावलें पुढें. इतकी सावध असूनही वारा कोणत्या दिशेचा आहे ह्याकडे ती लक्ष देत नाहीं, असें शॅलर ह्यांस आढळलें. आमच्याकडील कोणताही पारधी असें करणार नाहीं!

एवढी सावधगिरी कशाला? सिंहीण तासाला ५०-६० किलोमीटर वेगानें धांवूं शकते खरी, परंतु तिचें हृदय देहाच्या मानानें लहान असल्यामुळें तिचा दम लवकर सरतो. झेब्रा म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा रानघोडा. तो व हरिणें लांब पल्ल्यांत तिला सहज मागें टाकितात. म्हणून सुमारें तीस मीटरांच्या आंत पोंचल्यावर ती झडप घालते.

नामिबिया देशांतील एटोशा येथें फिलिप स्टँडर ह्यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसून आली. कांहीं सिंहिणी दोन्ही बाजूंनीं वळसा घेऊन कळपाला घेरितात, व कांहीं मध्यें दबा धरून बसतात. बिथरलेलें जनावर मधल्या सिंहिणीच्या तावडींत सांपडतें. प्रत्येकीची जागा बहुधा ठरलेली असते. पूर्वीं आमच्या हांक्याच्या शिकारींत हांकेकरी व मचाणावरचा शिकारी असत, तसेंच हें.

आतां प्रत्यक्ष मारणें. सिंहीण पंजांनीं पुठ्ठा किंवा खांदा धरून जनावर खालीं ओढते. तें पडलें कीं नरडें दांतांत धरून दाबिते, अथवा त्याचें नाक-तोंड आपल्या जबड्यांत घट्ट मिटून धरिते. मरण येतें तें बहुधा जखमेनें नव्हे, तर श्वास कोंडल्यामुळें, व त्यास कित्येक मिनिटें लागतात. रक्त फारसें सांडत नाहीं. तोंवर दुसऱ्यांनीं पोटाकडून खाण्यास आरंभही केलेला असतो. पाहणारास हें क्रूर वाटतें; पण नरडें लवकर सोडून तिला चालत नाहीं. झेब्र्याच्या लाथेनें जबडा मोडलेली सिंहीण उपाशी मरते.

आणि इतकें करूनही बहुतेक वेळां हातीं कांहींच येत नाहीं. शॅलर ह्यांच्या नोंदींप्रमाणें एकट्या सिंहाचे पांचसहा प्रयत्नांत एक साधतो; दोघी किंवा अधिक मिळून गेल्या तर साधारण तिनांत एक. तरसांनीं मारलेली शिकार बळकाविण्यास सिंहास लाज वाटत नाहीं, ती ह्यामुळेंच.

नर ऐतखाऊ असतो हेंही सर्वत्र खरें नव्हे. दक्षिण आफ्रिकेंतील क्रूगर येथें दाट झुडपांत नर एकटा दबा धरून चांगली शिकार करितो, असें २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून कळतें. आपल्या गुजराथेंतील गीरचे नर तर बहुतेक काळ सिंहिणींपासून वेगळेच राहतात. तेव्हां त्यांस आपलें पोट आपणच भरावें लागतें.

सेरेंगेटींत मात्र नर येऊन आधीं ताव मारितो, मग सिंहिणी, व उरलें तर पिलें. आई आपल्या पिलासही पंजा मारून दूर करिते. पावसाळा संपून हरिणांचे मोठे कळप निघून गेले म्हणजे मागें राहिलेल्या सिंहांचे हाल होतात. तेथें जन्मलेल्या पिलांपैकीं निम्म्याहून अधिक दोन वर्षांचीं होण्यापूर्वींच मरतात, आणि त्यांतलीं पुष्कळ उपासमारीनें.