जुन्या मोटारीचा कॅमदंड

वालचंद हिराचंद यांनी 1940 साली बेंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना उभारला आणि 1944 साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. या दुसऱ्या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट 1100 ही मोटार तयार होत असे. 1974 पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे. तथापि बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरीसारख्या वसाहतीत एखाद्या घरी अशी गाडी जपलेली असेल, तर तिच्या एंजिनाचा कॅमदंड झिजल्यावर दुसरा कोणता बसवावा, हा प्रश्न केव्हातरी उभा राहतोच.

या एंजिनाचे आकारमान 1,089 घन सेंटिमीटर असून कॅमदंड सिलिंडरांच्या ठोकळ्यातच, बाजूला बसविलेला असतो. भुजादंडाचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक फेरा होतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर झडप उघडतो. उंचवटा 6 मिलिमीटर आणि रॉकरचे गुणोत्तर दीड असेल, तर झडप 9 मिलिमीटर उघडेल. तोच उंचवटा अर्ध्या मिलिमीटरने झिजला, तर झडप सव्वाआठच मिलिमीटर उघडेल.

परंतु गाडीचा जोर कमी झाला की दोष कॅमदंडाचाच, असे मात्र समजू नये. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर आहे. तेथील हवा मुंबईपेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी विरळ असल्यामुळे धडधाकट एंजिनही तेथे थोडे मंद वाटते. म्हणून प्रथम तबकडीच्या मापकाने प्रत्येक कॅमचा उंचवटा मोजावा आणि मगच दंड बाहेर काढावा.

निवडीतील खरा मोह येथे सुरू होतो. समजा, आत घेणारी झडप दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचण्यापूर्वी 10 अंश उघडते आणि खालच्या टोकानंतर 50 अंशांनी मिटते. मधले 180 अंश मिळवले, तर ती एकूण 240 अंश उघडी राहते. शर्यतीच्या धर्तीचा दंड हीच झडप 30 अंश आधी उघडून 70 अंश उशिरा मिटू देईल. म्हणजे 280 अंश. वेगाने फिरणाऱ्या एंजिनात आत येणाऱ्या मिश्रणाला गती असते. त्यामुळे उशिरा मिटणारी झडप सिलिंडर अधिक भरू देते. मंद फिरणाऱ्या एंजिनात मात्र वर येणारा दट्ट्या तेच मिश्रण परत बाहेर लोटतो. दर चौकात लाल दिव्यापाशी थांबणाऱ्या गाडीला असा दंड बसविला, तर एंजिन उभ्या गाडीत अडखळेल आणि पेट्रोलही अधिक जाळील. शहरात चालणाऱ्या गाडीला मूळ मापाचा दंडच योग्य होय.

बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची मोठी बाजारपेठ आहे. तेथे असो वा अन्यत्र, दंड नुसता लांबीने जुळतो एवढ्यावर घेऊ नये. धारव्यांतील भागांचे व्यास, साखळीच्या चक्राची बैठक, वितरकाला फिरविणारे दंतचक्र आणि पेट्रोल-पंप हलविणारा कॅम, हे सारे जुन्याशी ताडून पाहावे.

नवा दंड न मिळाल्यास जुना घासून घेता येतो. कॅमचा तळचा गोल लहान केला की उंचवटा पुन्हा पूर्ण होतो. त्याने पडलेले अंतर रॉकरचा स्क्रू फिरवून किंवा लांब पुशरॉड घालून भरून काढावे लागते. पण बिडाच्या दंडाचा कठीण थर वरवरचाच असतो. घासणी त्याच्या खाली गेली, तर दंड दिसतो नवा, आणि झिजतो मात्र भराभर.

टॅपेटही नवेच हवेत. टॅपेटचा तळ किंचित फुगीर व कॅमचा माथा किंचित उतरता असतो; त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज सर्वत्र सारखी होते. एका दंडावर झिजलेला टॅपेट दुसऱ्यावर तसा फिरत नाही. तो एका जागी घासू लागला की लोखंडाचा कीस तेलातून भुजादंडाच्या धारव्यांपर्यंत जातो, आणि काही रुपयांची बचत सबंध एंजिनाला भोवते.

जोडणी झाल्यावर कॅमना घट्ट वंगण चोपडावे. आधुनिक तेलांत जस्त व फॉस्फरस यांचे संयुग कमी केलेले असते, कारण ते धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणास बाधते. जुन्या टॅपेटना मात्र तेच संयुग वाचविते. म्हणून ते पुरेसे असलेले तेल निवडावे. एंजिन सुरू होताच ते मंद फिरू न देता सुमारे वीस मिनिटे दर मिनिटास 2,000 फेऱ्यांच्या आसपास चालवावे. कॅमवर तेलाचे शिंतोडे पुरेसे पडतात ते या गतीलाच.