खडी पारखून घ्या

आबांनी घरावर स्लॅब टाकायचे ठरवले. सिमेंट आले. वाळू आली. लोखंडी सळया आल्या. खडी मात्र आबांनी स्वस्तातली आणली.

मिस्त्री आले. त्यांनी मूठभर खडी उचलून तळहातावर चोळली. हात लाल मातीने भरला.

"आबा, ही खडी स्लॅबला चालायची नाही."

"का हो मिस्त्री? सिमेंट तर नवं आहे. खडी काय, नुसती भरीला!"

"तसं नाही आबा. काँक्रीटचे चार भाग केले, तर जवळजवळ तीन भाग खडी आणि वाळूच असते. सिमेंट त्यांना धरून ठेवतं. पण दगडच कच्चा असला, तर सिमेंट काय करणार?"

मिस्त्रींनी ढिगातला एक तांबूस खडा हातोडीने ठोकला. त्याचा भुगा झाला. मग काळ्या पाषाणाचा खडा ठोकला. तो खणकन वाजला, पण फुटला नाही.

नंतर त्यांनी थोडी खडी बादलीत धुतली. पाणी गढूळ झाले.

"बघा, खड्यावर माती असली की सिमेंट मातीला चिकटतं, दगडाला चिकटत नाही. मग तिथंच चीर पडते."

"आणि हे चपटे खडे?"

"ते नीट बसत नाहीत. माल कालवताना पाणी जास्त लागतं. पाणी जास्त झालं की काँक्रीट कमजोर होतं."

"मग मोठी दणकट खडी आणू का?"

"नको. मोठी खडी सळयांत अडकते, खाली पोकळी राहते. स्लॅबला २० मिलीमीटरची, म्हणजे पाऊण इंचाची खडी बरी. तिच्यात थोडी बारीक खडीही हवी. पोत्यात नुसते बटाटे भरले तर मधे जागा राहते. वरून ज्वारी ओतली की ती जागा भरते. तसंच हे."

आबा गप्प झाले. मग म्हणाले, "दुसरी खडी आणायची, तर पहिले पैसे आणि गाडीभाडं वाया जाईल."

"जाईल खरं. पण याच स्लॅबखाली तुमची नातवंडं झोपायची आहेत."

आबांनी ती खडी अंगणाच्या भरावाला टाकली. स्लॅबसाठी काळ्या दगडाची स्वच्छ खडी आणली. या वेळी ती त्यांनी स्वतः पारखून घेतली.

लक्षात ठेवा :
१. खडी कठीण दगडाची घ्या. ठोकून पाहा.
२. खडीला माती नसावी. असली तर धुऊन घ्या.
३. चपटी व लांबट खडी कमीत कमी असावी.
४. मोठी व बारीक खडी योग्य प्रमाणात मिसळा.
५. माल पातळ करू नका.

प्रश्न :
१. मिस्त्रींनी खडी कशी कशी पारखली?
२. खडीवर माती असली तर काय होते?
३. तुमच्या गावाजवळच्या खाणीतला दगड कसा आहे? ठोकून पाहा आणि वर्गात सांगा.