लग्नातील फुले : नोंद, वजन आणि भाव



ऊस सोडून हा अधिकारी फुलांकडे कसा वळला, असे काहींना वाटेल. कारण घरचेच आहे. आमची बहीण कुडाळला दिलेली. गेल्या वैशाखात तिच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले. मामा या नात्याने सजावटीचा खर्च आम्ही अंगावर घेतला आणि त्यात जो धडा मिळाला तो येथे मांडत आहोत.

सजावटवाल्याने 'फुलांचे डेकोरेशन' असा एका ओळीचा आकडा लिहून दिला. तो आम्ही मुकाट्याने मान्य केला. त्याच संध्याकाळी बाजारात वेण्या विकणाऱ्या बाईशी मात्र अबोलीच्या वेणीमागे पाच रुपयांसाठी हुज्जत घातली. ती म्हणाली, "दादा, पाच रुपये कमी केलंय तर माका काय रवतला?" आम्ही हसून वेळ मारून नेली. लग्न लागले, मांडव उतरू लागला तेव्हा पाहतो तो काय, कमानीवरची निम्मी फुले प्लॅस्टिकची! खरी होती ती घाटावरून रात्रीच्या गाडीने आलेली आणि हिरव्या स्पंजात खोचलेली. म्हणजे मोठी रक्कम कशाची दिली ते आम्हालाच ठाऊक नव्हते, आणि जिच्या हातातले प्रत्येक फूल डोळ्यांसमोर होते तिच्याशी घासाघीस केली.

आता उसाचे पाहा. काट्यावर पावशेर इकडचे तिकडे झाले तरी आपण गप्प बसत नाही. बसूही नये. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. 2009 पासून रास्त व किफायतशीर दर आहे. फुलवाल्याला यातले काहीच नाही. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी भाव चढतो, दुसऱ्या दिवशी तेच फूल कोणी विचारत नाही. अबोलीला तर वजनही नाही. किलोभर भरायला हजारो फुले खुडावी लागतात, तीही एकेक करून, आणि नंतर केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफायची. वेणीची किंमत ही मुख्यत्वे त्या हातांची मजुरी असते. तीच आपण कापतो.

तेव्हा सजावट ठरवताना बिल फोडून मागावे. फुले कोणती व किती किलो, बांधणाऱ्यांची मजुरी किती, गाडीभाडे किती, आणि कमान, कापड, दिवे हे भाड्याचे सामान किती. भाड्याचे सामान दहा लग्नांत वापरले जाते, त्याचा भाव फुलांच्या नावावर लावू देऊ नये. पण मजुरीच्या रकमेवर हात मारू नये. रात्रभर जागून माळा ओवणाऱ्या पोरांना त्यातूनच मिळायचे असते. चांगला कारागीर असे बिल आनंदाने देतो, कारण त्याचीही बाजू त्यात स्वच्छ होते.

दुसरी गोष्ट नोंदीची. ऊसनोंद आपल्याला नवी नाही. फुलांचीही तशीच नोंद का करू नये? लग्नाची तारीख तीन-चार महिने आधी ठरते. झेंडू, ज्याला कुडाळकडे गोंडा म्हणतात, रोप लावल्यापासून सुमारे दोन महिन्यांत फुलावर येतो. भाव आधीच ठरवून थोडी उचल दिली तर शेतकरी तेवढाच माल काढील. भाव चढला तरी तुम्हाला झळ नाही, उतरला तरी त्याला नाही.

सुरू ऊस लावणाऱ्या सभासदांना यात स्वतःचाही लाभ आहे. पहिले तीन-चार महिने सरीत जागा मोकळीच असते. जानेवारीत लागणीबरोबर झेंडूची रोपे लावली तर चैत्र-वैशाखाच्या सराईत फूल मिळते आणि मोठ्या बांधणीपूर्वी रान मोकळे होते. झेंडूच्या मुळ्यांमुळे जमिनीतील सूत्रकृमींनाही आळा बसतो. मात्र अशा प्लॉटमध्ये तणासाठी टू-फोर-डी मारू नका. रुंद पानाचे ते सगळे जाळते, त्यात झेंडूही गेलाच. दरवर्षी कोणीतरी मारतोच आणि मग आम्हाला प्लॉट दाखवायला नेतो!

फूल हंगामाचे घ्यावे हेही ओघाने आलेच. फाल्गुन-चैत्रात कार्य असेल तर वेंगुर्ले तालुक्यातील आसोली-सोन्सुरे भागातील सुरंगी मिळते. पहाटे झाडावर चढून कळे काढतात, काम जोखमीचे आहे. सुरंगीचे फूल जुन्या लाकडावर येते, म्हणून सजावटीसाठी फांद्याच तोडून आणणाऱ्याला नाही म्हणावे. तोडलेल्या फांदीबरोबर पुढच्या वर्षांचे फूलही जाते. कमानीला केळीचे खांब, आंब्याचे टाळ, नारळाच्या झावळ्या आहेतच.

हिरव्या स्पंजाबद्दल सांगायचे तर ते फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचे प्लॅस्टिक आहे, मातीत कुजत नाही, चुरा होऊन पसरते. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत ते बंद केले. सजावटीचा थर्माकोल तर आपल्याकडे 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे. स्पंजाऐवजी पाण्याची भांडी किंवा ओल्या मातीचे मडके चालते. लग्नानंतरची फुले भंगसाळीत सोडू नयेत. तार व प्लॅस्टिकची दोरी काढून खड्ड्यात शेणकाल्याबरोबर थर द्यावेत. मळीचे कंपोस्ट करणाऱ्यांना ही रीत वेगळी शिकवायला नको.

धाकट्या भाचीचे लग्न येत्या माघात आहे. दिवाळीत कुडाळला गेलो तेव्हा बाजारात त्याच बाईकडे पंचवीस वेण्यांची नोंद केली, तिने सांगितलेल्या भावाने, निम्मी उचल देऊन. तिने आमच्याकडे जरा पाहिले आणि विचारले, "पावती व्हयी काय?" पावतीपुस्तक तिच्यापाशी नव्हते. बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर तारीख, वेण्यांची संख्या आणि भाव लिहून ठेवला आहे.