जूनची अंगणवाडी: क्रमाने करायची तयारी

चला ताई, पदर खोचा. तीन वर्षांची नवी पाखरं येणार, जुनी चार-पाच वर्षांची परतणार. मी शेजारीच आहे. एकामागून एक करत जाऊ, मधलं काही गाळायचं नाही.

हाताशी ठेवा: सर्वेक्षण नोंदवही, खडू, साबण, लोंबता वजनकाटा नि त्याची झोळी, मिठाचे १ किलोचे २ बंद पुडे, उंचीपट्टी, दंडघेर मोजायची पट्टी.

१. नोंदवहीतून तीन वर्षं पूर्ण होणाऱ्या मुलांची नावं वेगळ्या कागदावर उतरवा. जन्मतारीख माता-बाल संरक्षण कार्ड बघूनच लिहा. "होळीच्या आसपासचा आहे" यावर भागवू नका. तारीख चुकली की पुढे वजनाची श्रेणीही चुकते.

२. पहिलीत जाणाऱ्यांची यादी गावच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या हातात द्या. पालकांकरवी धाडू नका, वाटेत राहते.

३. वळवाची पहिली सर आली की खोलीत फिरा आणि जिथे थेंब पडतो तिथे जमिनीवर खडूने गोल काढा. पाऊस थांबल्यावर बघू म्हणाल तर जागा सापडणार नाही.

४. गळतीचा अर्ज ग्रामपंचायतीत लेखी द्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

५. खेळण्यांची पत्र्याची पेटी अंगणात नेऊन आडवी करा आणि सामान काठीने बाहेर ओढा. हात आत घालायचा नाही! महिनाभर बंद पेटीत विंचू मजेत राहतो.

६. पाण्याची टाकी रिकामी करून आतून घासा. नुसती खळबळून भरू नका, तळाचा गाळ तसाच राहतो.

७. भरलेल्या पाण्यात मेडिक्लोर घाला. प्रमाण बाटलीवर असतं तेच घ्या, अंदाजाने ओतू नका. अर्धा तास ते पाणी कुणी प्यायचं नाही.

८. कोपरे मांडा: बाहुलीघर, ठोकळे, चित्रांची पुस्तकं. ठोकळे दारापासून लांब हवेत, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाने मनोरे पडतात नि भांडणं सुरू होतात. मांडून झालं की खाली गुडघ्यांवर बसा आणि तिथून बघा. जे तुम्हाला वर मान करून बघावं लागतं, ते खाली उतरवा.

९. प्रत्येक नव्या मुलाच्या घरी जाऊन या. वही पिशवीतच राहू द्या. ती उघडली की आई चौकशीला उत्तरं दिल्यासारखी बोलते. गप्पांतून चार गोष्टी काढा: घरी काय हाक मारतात, शू लागली की काय म्हणतो, कशाला घाबरतो, काय खाल्लं की अंगावर उठतं. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे पावरी बोलणारी घरं असतात. तिथे पाणी, आई, भूक, शू, दुखतंय एवढे शब्द आजीकडून तरी शिकूनच उठा. पहिल्या आठवड्यात हेच पाच शब्द सगळ्यांत जास्त उपयोगी पडतात.

१०. जुन्या मुलांना दोन दिवस आधी बोलावा. सगळ्यांचा एकच पहिला दिवस ठेवलात तर एक रडलं की वीस रडतात.

११. नवी मुलं रोज तीन-चारच घ्या, आईसकट. पहिल्या दिवशी तासभर पुरे.

१२. मूल दारात आलं की खाली बसा आणि घरच्या नावाने हाक मारा. हात धरून ओढू नका. ते आईच्या पदराआडून बघेल, बघू द्या. तुम्ही शेजारी ठोकळे रचायला लागा. त्याच्याशी नाही, ठोकळ्यांशी बोला. थोड्या वेळाने एक ठोकळा त्याच्या पायाशी सरकवा.

१३. आईला निघताना मुलाला सांगूनच जायला लावा. "तू खेळत बस, ती हळूच सटकेल" हे कधीही नको. एकदा फसलेलं मूल दुसऱ्या दिवशी आईचा पदर सोडतच नाही. आणि "अकरा वाजता येते" असंही नको, घड्याळ त्याला कळत नाही. "तुझा भात खाऊन झाला की येते" म्हणावं, आणि खरोखर तेव्हाच यावं.

१४. रडणाऱ्याला कडेवर घ्या. "मोठा झालास ना, रडतोस काय?" हे वाक्य इथे बंद.

१५. रोजचा क्रम एकच ठेवा: गाणी, खेळ, हात धुणं, आहार, गोष्ट. पुढे काय येणार हे कळलं की मूल शांत होतं. पहिल्या आठवड्यात पाटी-पेन्सिल नाही, "अ काढून दाखव" तर नाहीच. पालकांनी आग्रह केला तरी हसून नाही म्हणा.

१६. आहार वाढण्याआधी तुम्ही आणि मदतनीसताई एकेक घास चाखा. खिचडीचा वरचा थर निवला तरी मधली वाफ जीभ भाजते, म्हणून मधलीच चाखा.

१७. पहिल्या आठवड्यात वजनकाटा कपाटातच राहू द्या. नव्या मुलाला थेट झोळीत लोंबकळवलंत तर जमवलेली मैत्री तिथेच संपते.

१८. दुसऱ्या आठवड्यात काटा पक्क्या वाशाला, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा. वर बघून वाचलेलं वजन चुकतं.

१९. रिकामी झोळी अडकवून सुई शून्यावर आणा.

२०. झोळीत मिठाचे दोन्ही पुडे ठेवा. सुई २ किलोवर थांबली नाही तर त्या काट्यावर एकाही मुलाचं वजन घेऊ नका, पर्यवेक्षिकाताईंना कळवा.

२१. एका जुन्या मुलाला आधी झोळीत बसवा. ते हसलं की नवी मुलं आपणहून रांग लावतात.

२२. उंची उभी करून मोजा. चप्पल, रिबिनी काढा. टाचा भिंतीला टेकल्यात का ते मदतनीसताईंना बघायला सांगा.

२३. आकडे त्याच दिवशी पोषण ट्रॅकरवर भरा. रात्री आठवून भरलेले आकडे एकमेकांत मिसळतात.

२४. पाच वर्षांखालच्यांचा डाव्या दंडाचा घेर, खांदा नि कोपर यांच्या बरोबर मधोमध, घ्या. पट्टी आवळू नका, सैलही सोडू नका.

२५. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीन सेकंद धरा. घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, किंवा दोन्ही पावलांवर खड्डा राहिला, तर महिनाअखेरच्या अहवालाची वाट बघायची नाही. एएनएमताईंना लगेच फोन लावा, आईला बरोबर घ्या आणि मुलाला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.