पाण्याकाठी कुणाला भ्यायचं आणि कुणाला नाही



पोळ्याच्या आसपास तलाव भरतात, शेततळी काठोकाठ होतात, आणि गटागटांतून एकच विचारणा सुरू होते: यंदा मासे सोडावेत का? सोडा की. लातूरच्या बायांनी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलंय. ज्या साली पाणी आहे त्या साली त्याचा पैसा करून घ्यावा, एवढं शहाणपण आपल्याला कुणी शिकवायला नको. बीज किती, खाद्य किती हे प्रशिक्षणात सांगतात. पण पाण्याकाठी आपल्याआधी कोण कोण राहतंय, हे तिथं कुणी सांगत नाही. आजचा पाठ त्याचा.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मासा खायला वर येतो तो झुंजूमुंजू झाल्यावर आणि दिवस मावळताना. उन्हाळ्यात तर भर दुपारी गळ टाकून बसणं म्हणजे नुसता वेळ घालवणं. आणि नेमक्या याच दोन वेळा बाकीच्यांच्याही असतात. बेडूक निघतात, बेडकामागं साप निघतो, उसातून रानडुक्कर पाण्यावर येतं. म्हणजे मासे धरायची चांगली वेळ आणि जनावर भेटायची वेळ एकच. ती टाळता येत नाही, म्हणून ओळख पाहिजे.

मिटिंगमध्ये विचारून बघा, पाण्याकाठी कशाचं भ्या वाटतं? बहुतेकजणी साप म्हणतील, आणि डोळ्यांपुढं असेल ती पाण्यात सळसळत जाणारी दिवड. हिला कुठं विरोळा म्हणतात. अंग पिवळसर, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकडे, डोळ्याखाली दोन तिरप्या काळ्या रेघा. स्वभावानं चिडकी. डिवचली की मान चपटी करते, चावते, रक्तही काढते. पण विष नाही. साबणपाण्यानं जखम धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. एक मात्र पाळा: साप नक्की ओळखलाय याची शंभर टक्के खात्री नसेल, तर दवाखान्यातच जा.

दिवड मासे खाते हे खरं. त्यासाठी तिला मारत बसण्यापेक्षा बीज घेताना डोकं चालवा. अगदी बारीक, जिऱ्याएवढं बीज स्वस्त पडतं, पण ते दिवडीच्या, बेडकाच्या, खंड्याच्या पोटात जातं. बोटाएवढी, म्हणजे ८ ते १० सेंटिमीटरची बोटुकली घ्या. महाग वाटेल, पण हिशेब शेवटी जगलेल्या माशांचा करायचा असतो. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात पहिल्या वर्षी ५०० बोटुकली पुष्कळ झाली. त्यात कटला २००, रोहू १५०, मृगळ १५०. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून तिघं एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. गळ टाकतानाही हेच ध्यानात ठेवा. कणकेचा गोळा तळाला टेकवला तर मृगळ लागेल, कटला नाही. कुणी "लवकर वाढतो" म्हणून थाई मांगूर गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. त्याच्यावर सरकारी बंदी आहे, आणि ओढ्यात निसटला तर आपले गावरान मासे खाऊन टाकतो.

आता ज्यांना खरंच भ्यायचं, त्यांच्याकडे येऊ.

पहिली घोणस. पाण्यात ती क्वचित दिसते. ती बसते बांधावरच्या गवतात, कडब्याच्या बुडाला, दगडाच्या आडाला. जाडजूड, मातकट रंग, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, आणि फुत्कार असा की कुकरची शिट्टीच. ती तळ्यावर का येते? उंदरासाठी. उंदीर का येतो? आपण शेंगदाण्याची पेंड आणि कोंडा पोत्यात भरून काठावरच ठेवतो म्हणून. म्हणजे आमंत्रण आपणच दिलेलं असतं. पेंड झाकणाच्या लोखंडी पिंपात ठेवा, काठावरचं गवत हातभर सुद्धा वाढू देऊ नका. आणि जाळं! रात्री जमिनीवर ढीग करून ठेवलेलं जाळं सकाळी हातानं उचलायची सवय फार वाईट. जाळं खुंटीला टांगा. खाली राहिलंच तर आधी काठीनं उलटंपालटं करा, मग हात लावा.

दुसरी मण्यार. काळी-निळी, चकचकीत, अंगावर पांढरे पट्टे जोडीजोडीनं. दिवसा सुस्त, रात्री फिरते. मासे मोठे झाले की चोरीच्या भीतीनं घरातलं कुणीतरी तळ्यावर झोपायला जातं आणि घोंगडी टाकून भुईवरच आडवं होतं. मण्यार चावली तर बऱ्याचदा कळत सुद्धा नाही. दुखत नाही, सूज नाही, दाताची खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घरचे म्हणतात शिळं खाल्लं असेल. मग पापण्या जड होऊन डोळे मिटायला लागतात, बोलणं अडखळतं, आणि नंतर श्वास अडकतो. भुईवर झोपलेल्या माणसाला रात्रीत असं झालं तर अपचन म्हणून ओवा देत बसू नका, साप समजूनच पळा. राखणीला जाणाऱ्याला बाज द्या आणि मच्छरदाणी द्या, तिच्या कडा गादीखाली खोचून. दोन-चारशे रुपयांच्या मच्छरदाणीनं डास आणि मण्यार दोन्ही बाहेर राहतात.

नाग तुम्हाला माहीत आहे. फुरसं लहान असतं, खडकाळ माळावर सापडतं. तलावाच्या भिंतीचे दगड मात्र अनवाणी तुडवू नका, त्यात इंगळी असते. लाल इंगळी चावून दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर तेही दवाखान्याचंच काम. त्यावर प्राझोसिन नावाच्या साध्या गोळीचा उपयोग होतो, हे जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या मराठवाड्याचेच, जालना जिल्ह्यातल्या देहेडचे.

साप चावला तर काय करायचं, हे नीट वाचा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

चावलेल्या बाईला आडवं करा, धीर द्या, चालू देऊ नका. हाताला चावलं असेल तर बांगड्या आणि अंगठी, पायाला असेल तर जोडवी आणि पैंजण लगेच काढा. सूज चढली की ते मांसात रुततात, मग कापून काढावे लागतात. सौभाग्याचं लेणं म्हणून सासूबाई अडतील, त्यांना आजच सांगून ठेवा. तो हात किंवा पाय फळीला सैलसर बांधा, मोडलेल्या हाडाला बांधतात तसा, म्हणजे हलणार नाही. दोरी आवळून बांधायची नाही. ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, कोंबडी लावायची नाही, लिंबाचा पाला खायला घालून कडू लागतो का ते बघायचं नाही. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आपल्याकडं एकच औषध चालतं. १०८ ला फोन लावा. गाडी यायला वेळ असेल तर मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून ग्रामीण रुग्णालय गाठा.

तिथं गेल्यावर डॉक्टर थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं तसंच ठेवतील. लोक चिडतात, "माणूस मरायला लागलंय अन् हे नळी बघत बसलेत." अहो, तीच तपासणी आहे. २० मिनिटांत रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय हे कळतं, मग प्रतिविष सुरू होतं. पहिल्याच वेळी ८ ते १० कुप्या लागू शकतात. तेव्हा वाद घालू नका.

देवळात नेऊन बरी झालेली माणसं गावोगाव सांगितली जातात. ती बरी होतात, कारण पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सुद्धा दर वेळी विष सोडत नाहीत. मी कुणाच्या देवाला नावं ठेवत नाही. नारळ फोडायचा तर दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर फोडा. आपल्या मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनी वर्षानुवर्षे याच भागातल्या सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार केले, आणि त्या दहा वर्षांच्या अनुभवावरचा त्यांचा लेख २००५ साली नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात छापून आला. म्हणजे उपचार शहरातल्या मोठ्या इमारतीतच होतो असं नाही, मुखेडसारख्या तालुक्याच्या गावात होतो. फक्त वेळेत पोचावं लागतं.

आता अशा धोक्याबद्दल सांगते ज्याला कुणीच भीत नाही. ते म्हणजे शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद. तीन मीटर खोल पाणी, उतरत्या बाजू, वर शेवाळ. पाय घसरला की पकडायला काही नाही. पोहता येणारा गडी सुद्धा वर येऊ शकत नाही, आपण तर लुगड्यात. लेकरू बुडताना बघून आई उडी मारते, मग दोघंही जातात. उडी मारू नका. काठावर आडवं पडून साडी, दोर, बांबू, जे हाताला लागेल ते फेका. त्याहून आधी करायचं काम असं: चारही बाजूंनी हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर लोखंडी खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेवा. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब हवा भरून कायम काठावर असू द्या. भोवती कुंपण घाला. खाद्य टाकायला एकटीनं जायचं नाही, फोनवर बोलत तर मुळीच नाही.

पहाटे मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसले तर घाबरून पाण्यात उतरू नका. रात्रभर शेवाळानंही पाण्यातला प्राणवायू वापरलेला असतो, म्हणून पहाटे तो कमी पडतो. त्या दिवशी खाद्य बंद ठेवा आणि विहिरीचं किंवा बोअरचं ताजं पाणी उंचावरून पडेल असं सोडा.

मासा हातात घेतानाही धडे आहेतच. शिंगी आणि शिंगटीच्या कल्ल्यामागं दोन्ही बाजूंना काटा असतो, शिंगटीच्या पाठीवरही. शिंगीचा काटा विषारी, ठणका असा की बाई रडकुंडीला येते. काटा लागला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, ठणका उतरतो. पाण्याचा गरमपणा आधी दुसऱ्या हातानं बघा, नाहीतर भाजायचं. आत तुकडा राहिला तर दवाखाना. मरळीची गंमत वेगळी. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा तरंगताना दिसला की खाली मरळ राखण करत असते. ती त्या वेळी सहज सापडते, पण धरू नका. एक मरळ काढली की मागं सगळी पिल्लं दुसऱ्यांच्या तोंडी जातात.

जाळ्यात कासव आलं तर जाळं कापा, कासव सोडा. घोरपडीचंही तेच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात दोघांना संरक्षण आहे, त्यांना पकडलं, विकलं तर तुरुंगवास होतो. "पैशाचं कासव" घ्यायला गाडी घेऊन येणाऱ्यांच्या नादी गटातल्या कुणीही लागू नये. पाणकावळे थव्यानं उतरत असतील तर तळ्यावर चमकत्या पट्ट्या आडव्या-उभ्या बांधा. किनवट-माहूरकडच्या तायांनो, पैनगंगेच्या काठी मोहफुलाच्या दिवसांत अस्वलाचं ध्यान ठेवा. दोघी-तिघी मिळून, बोलत बोलत जा, ते आवाजानं आधीच बाजूला होतं. असं जनावर वस्तीजवळ आलं तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे.

तारेचा आकडा टाकून पाण्यात करंट सोडणारे, सुरुंगाची दारू वापरणारे पुरुष घरात असतील तर त्यांना अडवा. सुरुंग आणि विष घालून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. करंट तर टाकणाऱ्यालाच आधी धरतो.

पुढच्या मिटिंगला येताना एवढं करून या. आपल्या ग्रामीण रुग्णालयात सापाचं औषध आज शिल्लक आहे का, हे दोघींनी स्वतः जाऊन विचारा आणि उत्तर गटाच्या वहीत तारखेसह लिहा. शेततळं असलेल्या प्रत्येकीनं दोराची लांबी मोजून आणा. आणि तालुका कृषी कार्यालयात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचा अर्ज मागून आणा. त्यात सर्पदंश आणि पाण्यात बुडणं दोन्ही येतात, आणि शेतकऱ्यासोबत घरातल्या एका माणसाचाही त्यात समावेश असतो.