शेत आपले, बंदूक परवान्याची. तरी गोळी झाडता येते?

प्रश्न : राधानगरी तालुक्यात आमची शेती आहे. गवे आणि रानडुकरे ऊस उद्ध्वस्त करतात. वडिलांकडे परवान्याची बंदूक आहे. स्वतःच्या शेतात मी ती चालवू शकतो का? घरच्या लग्नात हवेत बार काढला तर?
– एक शेतकरी

उत्तर : दोन्हींचे उत्तर ‘नाही’. सातबारा तुमचा असला तरी परवाना वडिलांचा आहे. त्यांच्या हजेरीत किंवा लेखी अधिकाराने तुम्ही बंदूक फक्त दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्यांच्या वापरासाठी नेऊ शकता. चालवू शकत नाही. तुम्हाला परवाना हवा असल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे.

पण परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. गवा आणि रानडुक्कर दोघांनाही वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू आहे. गवा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणात येतो. जनावर अंगावर आले आणि जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने मारावे लागले, तर तो गुन्हा ठरत नाही. पीक वाचवण्यासाठी गोळी झाडायला मात्र ही सवलत नाही. नुकसान होताच वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या, पंचनामा करून घ्या, भरपाई मागा.

लग्नातल्या बाराबद्दल शस्त्र कायद्यात 2019 मध्ये स्वतंत्र कलम आले. आनंदाच्या गोळीबाराने कोणाचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आली, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मांडव स्वतःच्या अंगणात होता, हा बचाव चालत नाही. वर गेलेली गोळी खाली येतेच, आणि मांडवात लेकरेबाळे असतात. सार्वजनिक ठिकाणी बंदूक नेताना ती पूर्ण झाकलेली असावी. घरी ती काडतुसांपासून वेगळी, कुलपात ठेवा.